'पॉश' मुंबईच्या बोटीत जन्मला नाही

सातवीतल्या भाचीने इंग्रजीच्या प्रकल्पाची वही दाखवली. विषय 'समुद्राने इंग्रजीला दिलेले शब्द'. पहिल्याच पानावर लाल स्केचपेनने लिहिलेले: पॉश = पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम. कुठून आणलेस विचारले, तर म्हणाली, "मावशी, बाईंनीच ग्रुपवर टाकलंय." समुद्री शब्दांच्या जन्मकथांचा हा मजकूर गेली कित्येक वर्षे फिरतो आहे. माझ्याकडेच चार वेळा आला. आता तो मुलांच्या वह्यांत शिरला म्हटल्यावर गप्प बसवेना.

दावा असा: साहेबलोक पी अँड ओ कंपनीच्या बोटीने मुंबईला येत, तेव्हा ऊन टाळायला जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन घेत. महागड्या तिकिटांवर पी, ओ, एस, एच ही अक्षरे उमटवत, त्यावरून 'पॉश'.

यात खरे एवढेच, की पूर्वेकडे निघालेल्या बोटीची डावी बाजू उत्तरेला येते आणि तिथे ऊन कमी लागते. बाकी सगळी कल्पना. अशी अक्षरे असलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'उंची, झकपक' या अर्थाने हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दिसतो, आणि केबिनची कथा छापून येते ती १९३५मध्ये. शब्द रुळल्यावर वीस वर्षांनी त्याची जन्मकथा सांगितली जाते, आणि आपण ती मुलांकडून पाठ करून घेतो! आद्याक्षरे जोडून शब्द बनवण्याची चालच मुळात विसाव्या शतकातली. त्याआधी 'पॉश' हा नाण्याला आणि छानछोकी माणसाला वापरला जाणारा बोलीतला शब्द होता. नाण्याचा अर्थ बहुधा रोमानी भाषेतल्या 'अर्धा' या शब्दातून आला, आणि रोमानी ही आपल्या मराठीच्याच कुळातली. भारताशी नाते शोधायचेच असेल तर ते इथे शोधा.

जहाजातल्या खतावर 'शिप हाय इन ट्रान्झिट'ची आद्याक्षरे लिहीत, त्यावरून 'शिट' आला, ही गोष्ट त्याच माळेतली. तो शब्द जहाजांतून खत जाऊ लागण्याच्या कितीतरी आधीपासून जुन्या इंग्रजीत आहे. कडाक्याच्या थंडीसाठीच्या 'ब्रास मंकी' या वाक्प्रचारातला 'मंकी' म्हणजे तोफगोळ्यांचे पितळी तबक आणि त्यावरचे गोळे थंडीने घरंगळत, हाही दावा मजकुरात आहे. गोळे लाकडी फळीच्या भोकांत ठेवत. आणि अर्ध्या मीटरच्या पितळी तबकाचे व लोखंडाचे आकुंचन तीस अंश थंडीत जेमतेम ०.१ मिलिमीटरने वेगळे पडते. तेवढ्याने गोळा घरंगळत नाही.

'बिटवीन द डेव्हिल अँड द डीप ब्लू सी'मधला डेव्हिल म्हणजे जहाजाच्या फळ्यांमधली सांध, असेही लिहिले आहे. १६३७मध्ये रॉबर्ट मन्रो या स्कॉटिश सैनिकाने हा वाक्प्रचार वापरला तो जमिनीवरच्या लढाईत अडकल्याबद्दल. त्याचा सैतान साधा सैतानच.

'डीप सिक्स', म्हणजे एखादी गोष्ट कायमची फेकून देणे, हा वाक्प्रचार समुद्रातला, हे मात्र मान्य. पण त्याचे कारण सहा फॅदम, म्हणजे छत्तीस फूट, खोल दफन करण्याचा नियम असल्याचे त्या मजकुरात म्हटले आहे, आणि खरी गोष्ट त्याहून कितीतरी सुंदर आहे. खोली मोजायला शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडत. तिच्यावर दोन, तीन, पाच, सात, दहा अशा ठरावीक फॅदमांवर चामड्याच्या पट्ट्या, कापडाचे तुकडे बांधलेले असत, म्हणजे अंधारातही ते हाताला कळत. खुणेवर पाणी आले की खलाशी 'मार्क' म्हणून ओरडे, बिनखुणेच्या आकड्याला 'डीप'. पाचला खूण, म्हणून 'मार्क फाइव्ह'. सहाला नाही, म्हणून 'डीप सिक्स'. दोनला होती, म्हणूनच 'मार्क ट्वेन'; ट्वेन म्हणजे दोन. त्या अमेरिकन लेखकाचे टोपणनाव याच हाकेतले, असे मजकुरात लिहिले आहे ते बरोबर आहे.

फॅदम म्हणजे दोन्ही हात पसरले की होणारे अंतर, सहा फूट. मूळ शब्दाचा अर्थच पसरलेले हात, कवेत घेणे. 'मला हे फॅदम होत नाही' म्हणजे कवेत येत नाही. आपल्याकडे त्याच मापाला वाव म्हणतात, आणि कोकणातले मच्छीमार पाण्याची खोली वावांतच सांगतात. हे त्या मजकुरात कुठेच नाही.

भाचीने लाल अक्षरांवर पांढरा कागद चिकटवला आहे. आता तिथे दोरीचे चित्र काढते आहे, प्रत्येक खुणेपुढे फॅदम आणि वाव दोन्ही लिहून. बाईंना काय सांगायचे, ते तिने माझ्यावर सोपवले आहे. मी हेच पाठवते आहे.