एचबी बारा आहे ना, मग झालं?

परवा सांगलीला दादाशी फोनवर चांगलंच वाजलं. भाचीची बारावी, त्यात नीट, विश्रामबागला क्लास, पोरगी दुपारी वहीवरच डोकं ठेवून झोपते म्हणून वहिनीने रक्त तपासून घेतलं तर एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, 12.2. मी म्हटलं फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, पण बघा. दादा म्हणे नॉर्मल आहे, मोबाईल कमी कर म्हणावं, आणि फेरिटिन बिरिटिन सगळं लॅबवाल्यांचं पॅकेज, तुमच्या अमेरिकेतली फॅडं.

गंमत म्हणजे अमेरिकेत पण कोण बघत नाही हो! इथे मिशिगनमध्ये माझ्या लेकीचं दरवर्षी चेकअप होतं, उंची, वजन, लशी, झालं. ती शाळेत पळते, खाणं शाकाहारी, आणि गेल्या वर्षी ग्लासच्या ग्लास बर्फ कुडूम कुडूम चावायला लागली. मला वाटलं इथलीच सवय. मग एकदम आठवलं, आमची आजी चुलीची माती खायची, त्यातलाच प्रकार, लोह कमी पडलं की असलं काहीतरी खावंसं वाटतं. मागे लागून टेस्ट करून घेतली, एचबी 12.4 आणि फेरिटिन 8. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने 15 च्या खाली म्हणजे साठा संपला. ताटात भाकरी दिसते म्हणून कणगीत ज्वारी आहेच असं नसतं ना, शरीर आधी कणगी रिकामी करतं, एचबी पडतं ते शेवटी. इथल्याच मिशिगन युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरांनी 2023 ला छापलं की अमेरिकेत 12 ते 21 वयाच्या जवळपास 40 टक्के मुलींना लोह कमी, पण ॲनिमिया फक्त 6 टक्क्यांना. म्हणजे नुसतं एचबी बघितलं तर बाकीच्या सगळ्या पास.

पण दादाचंही अगदीच चूक नाही. आपल्याकडे एनएफएचएस-5 या सरकारी आरोग्य पाहणीत 15 ते 19 च्या 59 टक्के मुली ॲनिमिक निघाल्या, तिथे सरसकट सगळ्यांचं फेरिटिन कशाला, सरळ लोहाच्या गोळ्या द्या. त्या शाळेत आठवड्याला मिळतातही, निळ्या, 2013 पासून. पोरी त्या थुंकतात कारण पोट दुखतं, शी काळी होते, आणि काळी होणारच एवढं पण कोणी सांगत नाही. आणि लोह पाळीतूनही जातं, म्हणून टेस्टच्या आधी एकच विचारा, पाळी किती दिवस जाते, पॅड किती लागतात. आमच्या घरात हे कधीच कोणी विचारलं नाही, दादाच्या तर तोंडून शब्दच निघत नाही.

शेवटी वहिनीने गुपचूप टेस्ट केली. फेरिटिन 9 आलं. दादाने लगेच तासगावचे दोन किलो बेदाणे आणले, डॉक्टरांची गोळी पण रोज स्वतः देतो, फक्त जेवण झाल्या झाल्या, चहाबरोबर. चहाने लोह अंगाला लागत नाही, हे सांगायला आज परत फोन.