खुलासा: लाळेच्या एका नमुन्यातल्या कॅफिनवरून ते शरीरातून जाण्याचा वेग कळत नाही
‘कॉफीनंतर एकदा लाळ तपासा, शरीर कॅफिन किती झपाट्याने काढतं ते कळेल’ हा फिरणारा दावा अर्धवट आहे. एका नमुन्यात फक्त कॅफिन मोजलं तर पातळी कळते, उतार म्हणजे ती घटण्याचा वेग नाही. त्याला किमान दोन नमुने हवेत. ३ तासांनी ४ आणि ८ तासांनी २ मिलिग्रॅम प्रतिलिटर आलं, तर अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, ५ तास. लाळेत कॅफिन रक्तापेक्षा थोडं कमी असतं, पण दोन नमुन्यांच्या गुणोत्तरात तो फरक उडून जातो.

खरी गफलत तोंडात होते. कॉफीचा अंश राहिला तर पहिला आकडा फुगतो आणि वेग खोटाच जास्त दिसतो. म्हणून कॉफीऐवजी कॅफिनची कॅप्सूल, नमुन्याआधी साध्या पाण्याने चूळ, मधल्या काळात चहा-कोलाही बंद. धूम्रपानाने वेग वाढतो, गर्भनिरोधक गोळ्यांनी घटतो, तेही नोंदवा.