पान्ह्याची पूर्वतयारी

डोहाळेजेवण आटोपले आणि माझे स्तनपान हा विषय घराच्या सार्वजनिक कामकाजात दाखल झाला. हा व्यवहार मी आणि बाळ एवढ्यापुरताच राहील, अशी तोवर माझी समजूत होती. प्रत्यक्षात आईने हळिवाच्या लाडवांसाठी नारळ सांगून ठेवले, सासूबाईंनी शतावरी कल्प व बाळंतशोपा आणून ठेवल्या, आणि ज्यांनी मला आजवर पार्किंगखेरीज काहीही विचारले नव्हते त्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी भर जिन्यात "अंगावर पाजणार ना?" असे विचारून घेतले. बाळ जितके ओढेल तितके दूध तयार होते, म्हणजे मागणी तसा पुरवठा, हे डॉक्टरांचे म्हणणे मी घरी सांगितले, तेव्हा आई म्हणाली, "बरोबरच आहे गं, पण पुरवठ्याला लाडू नकोत का?"

मग दूध काढायचा, विजेवर चालणारा पंप आला. खोक्यातून नळ्या, झडपा, बाटल्या आणि 24 मिलिमीटरची दोन नरसाळी निघाली. नरसाळ्याचे माप स्तनाग्राच्या व्यासावरून ठरते आणि ते चुकले तर दुखते, शिवाय दूधही नीट निघत नाही, असे माहितीपत्रकात वाचल्यावर दहावीनंतर प्रथमच मी कंपासपेटीतली पट्टी शोधली. यंत्र चालवून पाहण्याची सोय मात्र नव्हती. प्रसूतीपूर्वी पंप लावल्यास ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवून कळा सुरू होऊ शकतात, म्हणून डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केली होती. तेव्हा अभियंता असलेल्या नवऱ्याने ते स्वतःच्या दंडावर लावले. आधी हलकी, जलद ओढ आणि मग सावकाश, जोरकस ओढ, असा क्रम त्याने गंभीरपणे तपासला व दंडावरचे लाल वर्तुळ घेऊन तो कामावर गेला. सासूबाईंनी लांबूनच, "गोठ्यात असतं तसलंच दिसतंय," एवढा अभिप्राय दिला, आणि तो खोडून काढण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

कार्यालयाची गोष्ट याहून अवघड. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने 26 आठवड्यांची रजा मिळते, हे उत्तमच. पण पाळणाघराची सक्ती 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला आहे आणि आमच्याकडे नेमके 49 आहेत. बाळाला पटावर घ्यावे, ही माझी सूचना विचाराधीन आहे. पंपासाठी मला स्टेशनरीची खोली देण्यात येणार असून तिची कडी बाहेरून आहे. मनुष्यबळ विभागाने "दर खेपेस सरासरी किती मिनिटे?" असे लेखी विचारले असून, अर्जात या कारणासाठी रकाना नसल्याने ते 'इतर' या सदरात टाकले आहे. हिरकणी बाळासाठी रायगडाचा कडा उतरली, तिच्या नावाचे कक्ष एसटी स्थानकांवर आहेत. मात्र तिला उतरण्यापूर्वी विभागप्रमुखाची सही लागली नव्हती.

राहिला साठवणुकीचा प्रश्न. काढलेले दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास (अशी खोली पुण्याच्या एप्रिलमध्ये शोधावी लागेल), फ्रिजमध्ये 4 दिवस आणि फ्रीझरमध्ये साधारण 6 महिने टिकते, आणि जुने आधी वापरायचे असते. त्यासाठी नवऱ्याने तारीख-वेळेच्या चिठ्ठ्या छापून आणल्या. सासूबाईंना त्यांवर तिथीही हवी आहे. फ्रीझर मात्र हिवाळ्यात सोललेल्या मटारांनी भरलेला आहे, आणि ते सोलणारे सासरे काल अत्यंत सौम्यपणे मला विचारत होते, "मटारांना जागा खाली करायची मुदत कधीपर्यंत आहे?"