एका घरात एकच कॉम्प्युटर? हा मेसेज पुढे पाठवू नका

'एका इंटरनेट कनेक्शनवर एकच कॉम्प्युटर कायदेशीर, दुसरा जोडला तर 3 वर्षं कैद' असं ठणकावून सांगणारा एक मेसेज सोलापूरच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली आणखी बरंच आहे. दुसरा कॉम्प्युटर लावला की स्पीड कायमचा अर्धा होतो. वायफायचा पासवर्ड काढून टाकला की लोड कमी होऊन स्पीड वाढतो. राउटरच्या लहरींनी कॅन्सर होतो. घरातल्या दोघांनी एकाच नेटवरून बँकेचं काम केलं तर दोघांची खाती गोठतात. शेवटी सल्ला: प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळं कनेक्शन घ्या, आणि हे 20 जणांना पाठवा.

माझी मावशी विडी घरकुलात राहते. तिने हे खरं मानलं. मावसबहिणीला ऐन प्रोजेक्टच्या दिवसांत लॅपटॉप नेटवरून काढायला लावला. मावसभाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांची जीएसटीची कामं घरून करतो, त्याने वायफायचा पासवर्डच काढून टाकला. म्हणून हे लिहितेय, आणि चिडून लिहितेय.

पासवर्डचं आधी. बाकीच्या थापांनी पैसे जातील, मनस्ताप होईल. या एका सल्ल्याने दारात पोलीस येऊ शकतात. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास यंत्रणांनी आयपी पत्त्याचा, म्हणजे इंटरनेटवर कनेक्शन ओळखायच्या आकड्याचा, माग काढला आणि त्या नवी मुंबईतल्या एका घरापाशी पोचल्या. त्या घरातल्या माणसाचा स्फोटांशी काडीचाही संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते दुसऱ्यानेच वापरलं होतं. तरी चौकशीला त्याला तोंड द्यावं लागलं, घरातले कॉम्प्युटर तपासासाठी गेले. पुढच्या दोन महिन्यांत माटुंगा आणि चेंबूर इथल्या वायफायवरूनही असेच ईमेल गेले. त्यानंतर फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त तुमच्या कनेक्शनचा पत्ता दिसतो. जिन्यात बसून कोणी काय पाठवलं, ते तुमच्या नावावर जमा होतं. आणि ज्या नेटवर्कवर गिऱ्हाइकांची जीएसटीची कागदपत्रं आहेत, ते सगळ्या गल्लीला मोकळं करून ठेवायचं?

यात खऱ्याचा एक कण आहे, तो मान्य करते. राउटरमध्ये सुरक्षेचा फार जुना प्रकार, म्हणजे डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी, निवडलेला असेल तर वायफायचा वेग 54 एमबीपीएसवर अडकतो. पण त्यावर उपाय कुलूप बदलण्याचा आहे. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए2 आणि एईएस निवडा, राउटर आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे चालत असेल तर डब्ल्यूपीए3. आताच्या राउटरमध्ये हे काम चिपच करते, त्यासाठी स्पीड मोजावा लागत नाही. त्याच पानावर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा. आणि राउटरमध्ये शिरायचा 'अ‍ॅडमिन' हाच पासवर्ड अजून तसाच असेल तर तो आजच बदला.

आता कैद. मेसेजमध्ये दूरसंचार कायदा 2023 चं नाव आहे आणि 3 वर्षांचा आकडाही त्या कायद्यात खरोखर आहे. कलम 42 वाचा. परवानगीशिवाय दूरसंचार सेवा पुरवणाऱ्याला किंवा दूरसंचार जाळं उभारणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे परवाना न घेता नेटचा धंदा करणाऱ्यासाठी आहे. स्वतःच्या घरात मुलीचा लॅपटॉप जोडणाऱ्या मावशीसाठी नाही. शेजारच्या चार घरांत वायर टाकून दरमहा पैसे घेत असाल, तर मात्र घाबरायला कारण आहे. कंपनीच्या ग्राहक करारातही असं पुन्हा विकायला मनाई असते. वायफायच्या लहरींनाही वेगळा परवाना लागत नाही. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 पासून मोकळा आहे, 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा 2018 पासून.

मुळात एका कनेक्शनवर अनेक यंत्रं चालवणं ही पळवाट नाही, सगळं इंटरनेट आज त्यावरच उभं आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सुमारे 429 कोटीच आहेत. ते पुरणार नाहीत हे 1990 च्या दशकातच कळलं होतं. म्हणून 1994 मध्ये पत्ता बदलून देण्याची पद्धत मांडली गेली, ती नॅट. फेब्रुवारी 1996 च्या आरएफसी 1918 या दस्तऐवजाने खाजगी जाळ्यांसाठी पत्त्यांचे तीन गट राखून ठेवले. तुमच्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये 192.168 ने सुरू होणारा आकडा दिसेल, तो त्यातलाच. बाळीवेशीतल्या मोठ्या वाड्याला पोस्टाचा पत्ता एकच असतो आणि दारात आलेलं पत्र ज्याचं त्याला दिलं जातं. राउटर पोर्ट नंबर, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या कामाला दिलेला खुणेचा आकडा, बघून तेच करतो. हे नियमाविरुद्ध असतं तर कंपनीने दिलेल्या डब्याला मागे चार लॅन पोर्ट कशाला असते?

स्पीड कायमचा अर्धा होतो, हेही चूक. दोन्ही यंत्रं एकाच वेळी जोरात ओढत असतील तेवढाच वेळ वाटणी होते. नुसता चालू असलेला कॉम्प्युटर जवळपास काहीच खात नाही. 40 एमबीपीएसच्या साध्या प्लॅनवर टीव्हीवरचा एचडी सिनेमा साधारण 5 घेतो, एक व्हिडिओ क्लास 3-4. हिशेब तुम्हीच करा. अडखळायचं खरं कारण बहुतेकदा अपलोडमध्ये असतं. कोणाच्या तरी फोनमधून लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढत असतात, राउटरमध्ये रांग लागते आणि क्लासचा आवाज तुटतो. बॅकअप रात्रीवर टाका. जुळे सोलापूरच्या अपार्टमेंटमध्ये वायफायची गर्दी हेही कारण असतं, कारण 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच आहेत, 1, 6 आणि 11. टेबलावरच्या कॉम्प्युटरला सरळ लॅनची वायर लावा. त्याने जो फरक पडेल तो दुसऱ्या कनेक्शननेही पडणार नाही.

कॅन्सरबद्दल थोडक्यात. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओ लहरींना '2बी' या 'शक्यता आहे' गटात टाकलं. मेसेजवाल्यांनी त्याचं 'होतो' करून टाकलं. वायफायच्या लहरी आयनीकरण करणाऱ्या नाहीत, एक्स-रेसारख्या डीएनए तोडत नाहीत. आणि कॉम्प्युटर एक असो की चार, घरात राउटर एकच असतो.

बँक खात्यांची थाप तर उभीच राहत नाही. बऱ्याच कंपन्या आज अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. पत्ता एक म्हणून खाती गोठली असती तर अख्खी पेठ एका दिवसात गोठली असती.

राहिलं वेगळं कनेक्शन. महिन्याला 500 धरले तरी वर्षाचे 6000 रुपये, तेही गरज नसताना. काही ठिकाणी नेटवाला कनेक्शन एकाच यंत्राच्या मॅक पत्त्याला, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला, बांधून ठेवतो आणि दुसऱ्यासाठी जादा पैसे मागतो. त्याला सांगा, राउटरचा मॅक नोंदव. तरीही पैसे मागितले तर ते प्लॅनमध्ये लेखी दाखवायला सांगा. दाखवता आलं नाही तर कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार करून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. तिथे दाद लागली नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. अपिलाला शुल्क नाही.