खून झाला, पंच कुठायत?

माझे सासरे अण्णा पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. कागदोपत्री झाले, असं म्हणूया. आमच्या परळच्या हॉलमध्ये त्यांची ड्यूटी अजून चालू आहे आणि शनिवारी रात्री मी पिक्चर लावला की ते हजर होतात.

परवा '१५ मिनिट्स' लावला. २००१ चा, रॉबर्ट डी नीरोचा. न्यूयॉर्कचे पोलीस, खून, प्रसिद्धीसाठी हपापलेले टीव्हीवाले. लांबी दोन तास. लावला तेव्हा सव्वानऊ वाजले होते, हे लक्षात असू द्या.

दोन परदेशी इसम जुन्या साथीदाराकडे लुटीतला हिस्सा मागायला येतात. त्याने पैसे केव्हाच उडवलेले. मग त्याला आणि त्याच्या बायकोला मारून हे दोघे घर पेटवून देतात. इथवर शांतता होती. डी नीरो घटनास्थळी पोचला आणि अण्णांनी ट्रॅफिकच्या पोलिसासारखा हात केला.

"थांबवा."

थांबवला.

"पंच कुठायत?"

"अण्णा, न्यूयॉर्क आहे ते."

"मग? तिथं दोन प्रतिष्ठित इसम मिळत नाहीत? आम्ही रात्री तीन वाजता धारावीत मिळवलेत."

पंचांशिवाय तपास पुढे न्यायला त्यांनी नाइलाजाने परवानगी दिली. तेवढ्यात आगीचा तपास करणारा तरुण फायर मार्शल आला. कमरेला पिस्तूल.

"बंबवाल्याला पिस्तूल?"

न्यूयॉर्कात फायर मार्शलला हत्यार बाळगायचा आणि अटक करायचाही अधिकार असतो, हे मी कुठेतरी वाचलेलं ज्ञान पाजळलं. अण्णा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "भायखळ्याच्या बंबवाल्यांना कळू देऊ नका."

खरी चीड त्यांना डी नीरोचीच आली. तो यातला नामांकित डिटेक्टिव्ह. मासिकांत झळकणारा, कारवाईला निघाला की कॅमेरे मागे. प्रेयसीसुद्धा टीव्ही रिपोर्टर. "ह्याच्या वर कोणी साहेब आहे की नाही? प्रेसशी बोलायचं ते वरिष्ठांनी. आपण मागं उभं राहायचं, ढेरी आत घेऊन." हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. नको होतं सोडायला.

त्या दोन इसमांतला एक चोरलेल्या कॅमेऱ्यावर सगळं शूट करत असतो, खूनसुद्धा. दुसऱ्याचा बेत असा की वेडाचं सोंग करायचं, कोर्टातून सुटायचं आणि मग उजळ माथ्याने टीव्हीवर गोष्ट विकायची. कारण एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालत नाही. मला वाटलं, अण्णा हे अमेरिकन खूळ म्हणून उडवून लावतील. पण ते खुश झाले. "आपल्याकडेही आहे. घटनेचं विसावं कलम. पण तुमची ती टेप पुरावा म्हणून चालवायला ६५-बचं सर्टिफिकेट लागेल. त्याशिवाय ३०२ टिकत नाही."

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अण्णा, ते कायदे बदलले ना?"

ही माझी बायको असली तरी त्यांचीच मुलगी आहे, म्हणून वाचली. १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं, हा अण्णांचा कौटुंबिक दुखवटा आहे. "तीनशेदोन लागलं म्हटलं की समोरच्याचे पाय लटपटायचे. आता म्हणा, ह्याला एकशेतीन लागलंय. लोक विचारतील, क्रोसिन दिली का?"

साडेअकरा वाजले. पिक्चर जेमतेम अर्धा.

आणि मग डी नीरो गेला. अर्धा पिक्चर शिल्लक असताना, स्वतःच्या घरात, खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत, कॅमेऱ्यासमोर. मीही हादरलो. अण्णांनी थांबवा म्हटलं नाही. मीच थांबवला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"रजेवर होता का ड्यूटीवर?"

"घरी होता."

"घरी म्हणजे अडचण येणार." खात्याचा जुना कारकून बोलावा तसं ते बोलत होते. "ड्यूटीवरचं दाखवायला पाहिजे, नाहीतर घरच्यांना जादाचं काही मिळत नाही. बायकोला अनुकंपाखाली लावता येईल म्हणा."

"लग्न नव्हतं झालं अण्णा. तो मागणी घालणारच होता."

"अरेरे. म्हणजे नॉमिनेशनपण नाही."

पुढे तो खुनाचा व्हिडिओ टीव्हीवाला दहा लाख डॉलरला विकत घेतो. अण्णांनी आधी रुपये केले, मग ते आपल्या पेन्शनमध्ये मोजले आणि मध्येच सोडून दिले. मग म्हणाले, "टीव्हीवर येण्यासाठी माणसं काय काय करतील." आणि उठून आत गेले. मला वाटलं, झोपले. मी आवाज कमी करून पुढचा सीन लावला.

ते मोबाईल घेऊन परत आले.

"हे तुम्हाला दाखवलं नाही ना कधी?"

लालबागचा गणपती. कोणी हिरोईन दर्शनाला आलेली, चॅनलवाल्यांची झुंबड, रेटारेटी. कुणीतरी टीव्हीवरून मोबाईलवर धरलेली, हलती, तीन सेकंदांची क्लिप. हिरोईन डावीकडून उजवीकडे गेली. संपली.

"दिसलो?"

"कुठे?"

त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा लावली. सातव्या खेपेला बरोबर जागी थांबवली, चुलत्याला बोट दाखवून पोराची ओळख करून द्यावी तसं स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तिच्या खांद्याच्या मागं. हे खाकी दिसतंय ना, हा कोपर. हा माझा."

पिक्चरचा शेवट काय झाला, मला आजतागायत माहीत नाही. कोपर मात्र उजवा होता.