‘११५२०० करा, झालं’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

सीरियल कन्सोलवर, म्हणजे बोर्डाचा मजकूर वायरींवरून संगणकावर दिसतो त्या खिडकीत, कचरा अक्षरं का येतात यावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी उतरवतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशाला उत्तर देतोय (बॉडरेट म्हणजे सेकंदाला किती बिट जातात तो वेग, मॉड्यूल म्हणजे यूएसबी-सीरियल अडॅप्टर): “कन्सोलवर कचरा आला म्हणजे बॉडरेट चुकला, दुसरं काही नसतं. ११५२०० करा, झालं. नाहीच जमलं तर लॅमिंग्टन रोडवरून नवं मॉड्यूल आणा. एवढं पाल्हाळ कशाला? ग्राउंड-सप्लायवर धड एक ओळ नाही, पायच्या पिना उलट्या. भाऊ, आधी बोर्ड हातात घ्या, मग लिहा.”

पिनांचं मान्य. रास्पबेरी पायवर टीएक्स (पाठवणारी पिन) ८ नंबरला, आरएक्स (घेणारी) १० नंबरला आणि ग्राउंड ६ नंबरला. मी ८ आणि १० ची अदलाबदल केली होती, दुरुस्त केली. मात्र त्या दोन वायरी उलट जोडल्या तर कचरा येत नाही, स्क्रीन कोरी राहते. तेव्हा कचऱ्याने त्रासलेल्या कुणाची त्यामुळे दिशाभूल झाली असेल असं वाटत नाही.

राहिलं ‘बोर्ड हातात घ्या’. ‘भाऊ’ म्हणून हाक मारायची आणि त्याच दमात अक्कल काढायची, ही कुठली रीत? मुंबईच्या सीप्झमध्ये बोर्ड ब्रिंग-अपच्या (नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करण्याच्या) टेबलावर १९ वर्षं काढली आहेत, एवढं पुरे.

आता तुमचं लाडकं वाक्य: ‘दुसरं काही नसतं’.

बॉडरेटच चुकलाय असं धरलं तरी उत्तर ११५२०० असेलच असं नाही. ईएसपी८२६६ या वायफाय चिपचा बूट रॉम (चालू होताच धावणारा आतला प्रोग्राम) घड्याळाचा क्रिस्टल ४० मेगाहर्ट्झचा आहे असं समजून हिशेब करतो, आणि बहुतेक मॉड्यूलवर असतो २६ चा. ११५२०० गुणिले २६ भागिले ४० म्हणजे ७४८८०. म्हणून रीसेटनंतरच्या पहिल्या ओळी ११५२०० वर कचरा दिसतात आणि पुढे तुमचा प्रोग्राम सुरू झाला की सगळं स्वच्छ. रॉकचिपच्या आरके३३९९ बोर्डांवर कन्सोल सहसा १५ लाख बॉडवर असतो, आणि मॉड्यूलमधली जुनी सीपी२१०२ चिप १० लाखांच्या पुढे जात नाही. तेच मॉड्यूल चार वेळा बदललंत तरी तेच होणार. दुकानात सीपी२१०२एन किंवा एफटी२३२आर असं नाव घेऊन मागा, दोन्ही ३० लाखांपर्यंत जातात.

बोर्डावर आणि टर्मिनलमध्ये, दोन्हीकडे ११५२०० लिहिलेलं आहे, तरी कचरा? ८ मेगाहर्ट्झचा अर्डुइनो प्रो मिनी घ्या. त्या घड्याळाला पूर्ण भागाकार जात नाही. चिपच्या यूआर्टचा (सीरियल पोर्टचा) डबल स्पीड मोड लावूनही प्रत्यक्षात ११११११ बॉड निघतात, म्हणजे साडेतीन टक्के कमी. एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट, चूक प्रत्येक बिटाला साठत जाते आणि शेवटचे बिट चुकीच्या जागी वाचले जातात. कागदावर ५ टक्क्यांपर्यंत निभावतं, पण त्यात समोरच्या मॉड्यूलची चूकही आली, म्हणून मी २ च्या आत ठेवतो. याच बोर्डावर ३८४०० लावा, चूक ०.२ टक्के. आणि क्रिस्टलऐवजी चिपच्या आतला आरसी ऑसिलेटर (क्रिस्टलशिवायचं घड्याळ) वापरत असाल, तर प्रो मिनीवरच्या एटीमेगा३२८पी चिपची डेटाशीटच फॅक्टरी कॅलिब्रेशन १० टक्के इकडे-तिकडे असू शकतं असं सांगते. तिथे काय ‘करा, झालं’?

यूबूट (लिनक्स बोर्डाचा बूटलोडर) स्वच्छ, कर्नल सुरू होताच कचरा, हा प्रकार तर तुमच्या नियमात बसतच नाही, कारण बॉडरेट दोन्हीकडे तोच लिहिलेला असतो. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) यूआर्टचं घड्याळ २४ मेगाहर्ट्झ लिहिलंय आणि खरं ४८ आहे असं समजा. कर्नल २४ धरून १३ चा डिव्हायझर (भाजक) घालतो, आणि वायरवर निघतात जवळपास २,३०,८०० बॉड. टर्मिनल २३०४०० वर टाकून बघा. वाचता आलं तर घड्याळ दुप्पट, दुरुस्ती डिव्हाइस ट्रीमध्ये, टर्मिनलमध्ये नाही. रास्पबेरी पाय ३ च्या मिनी यूआर्टचा बॉडरेटही असाच कोअरच्या घड्याळाला बांधलेला आहे. कॉन्फिग फाइलमध्ये ‘एनेबल यूआर्ट’ १ केलं की कोअर २५० मेगाहर्ट्झवर बांधला जातो आणि अक्षरं जागेवर येतात.

आणि बॉडरेट अगदी बरोबर असतानाचा कचरा? पाठवणारा ७ बिट, ईव्हन पॅरिटी (एकांची संख्या सम करणारा जादा बिट) आणि तुम्ही ८ बिट, पॅरिटी नाही, असं असेल तर ए, बी आणि डी बरोबर येतील, सी आणि ई बिघडतील. ज्या अक्षरात एकांची संख्या विषम, त्याचाच वरचा बिट चढतो. बॉडरेट चुकला तर असं निवडक बिघडत नाही. अक्षरं चुकीची नसून मधली मधली गायब असतील, तर तेच पोर्ट दुसऱ्या टर्मिनलमध्ये उघडं आहे का बघा. लिनक्सवर मोडेममॅनेजर हा मोडेम शोधणारा प्रोग्रामही पोर्ट चाचपतो.

ग्राउंड-सप्लायचं म्हणाल, तर तिसरी वायर जोडा हे सांगायला लेख लागत नाही. (हो, ती सुटली तरी कचराच येतो. म्हणजे तुमच्याच यादीत ‘दुसरं काही’ आलं की.)

‘पाल्हाळ’ या शब्दावर मी काही बोलत नाही.

लॅमिंग्टन रोडला जाणारच असाल, तर मॉड्यूलऐवजी ८ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा साधा लॉजिक अ‍ॅनालायझर आणा. बोर्डाच्या टीएक्सवर आणि ग्राउंडवर लावा, पल्सव्ह्यू या प्रोग्राममध्ये रीसेटपासूनचं रेकॉर्डिंग घ्या आणि सर्वांत अरुंद पल्स मोजा. ८.६८ मायक्रोसेकंद आली तर ११५२००, १३.३५ आली तर ७४८८०, १०४ आली तर ९६००. मॉड्यूलचे टीएक्स-आरएक्स एकमेकांना जोडून केलेली चाचणी इथे कामाची नाही, दोन्ही बाजू एकाच घड्याळावर चालतात, ती नेहमी पासच होते. जो आकडा येईल तो आणि कचरा कुठल्या ओळीपासून सुरू होतो ते इथेच खाली लिहा.