"गोळ्या सोडा, चार लोकांत बसा" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

सध्या नागपुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरून राहिला आहे. माझ्याकडे तो आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी आता डिप्रेशनच्या गोळ्या लिहिणं बंद केलं, त्याऐवजी ते बागकाम, गाणं, चालायला जाणं, लोकांत मिसळणं लिहून देतात, त्याला सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणतात. हे तर आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं, आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, पार आहे, भजनी मंडळ आहे, म्हणून आपल्याला मानसोपचाराची गरजच नाही. चार लोकांत बसा, मन मोकळं करा, महिनाभरात गोळ्या सुटतील, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय आणि एक रुपया खर्च नाही. खाली हात जोडलेले आणि "सर्वांना पाठवा".

मी दवाखान्यात समाजसेवक म्हणून काम करते, मानसोपचाराच्या ओपीडीत येणाऱ्या घरांशी रोज बोलते. हा मेसेज वाचून आईच्या गोळ्या बंद केल्या असं सांगणारी मुलं समोर येऊन बसतात, आणि तोवर आईची झोप गेलेली असते, जेवण गेलेलं असतं. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नाही हे मला कळतं, बहुतेकांना खरंच वाटतं की कोणाचं तरी भलं होईल. म्हणून न चिडता एकेक मुद्दा घेते.

पहिलं म्हणजे इंग्लंडमध्ये गोळ्या बंद झाल्या. नाही झाल्या. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे म्हणजे एनएचएसचे आकडे आहेत, २०२२-२३ या एका वर्षात इंग्लंडमध्ये नैराश्यावरच्या औषधांच्या ८ कोटी ६० लाख नोंदी झाल्या आणि साधारण ८६ लाख लोकांना ही औषधं दिली गेली. ज्या देशाने गोळ्या सोडल्या म्हणून मेसेज सांगतो तो देश हा. सोशल प्रिस्क्रायबिंग तिथे आहे हे मात्र खरं आहे. पूर्व लंडनमध्ये ब्रॉमली बाय बो नावाचं एक केंद्र १९८४ मध्ये सुरू झालं, गरीब वस्तीत, तिथे दवाखाना, बाग, कला, नोकरीचा सल्ला असं सगळं हळूहळू एका जागी आलं आणि या कामाचं नाव निघालं की अजूनही त्याचा दाखला देतात. जानेवारी २०१९ मध्ये एनएचएसने आपल्या दीर्घ आराखड्यात ठरवलं की २०२०-२१ च्या अखेरीस हजाराहून जास्त लिंक वर्कर, म्हणजे रुग्णाला भेटून त्याला योग्य जागेशी, मदतीशी जोडून देणारी पगारी माणसं, नेमायचे आणि २०२३-२४ पर्यंत ९ लाखांहून जास्त लोकांना ही सेवा द्यायची. पण ही सेवा उपचाराच्या जोडीला आहे. ज्याला गोळीची गरज आहे त्याला गोळी मिळते, ज्याला थेरपीची आहे त्याला थेरपी, आणि त्या माणसाच्या आयुष्यात एकटेपणा असेल, कर्ज असेल, घराचा प्रश्न असेल तर तो लिंक वर्करकडे जातो. कर्जाचा सल्ला, घरभाडं, सरकारी मदतीचे अर्ज हे त्या कामात मोठ्या प्रमाणात येतं. मेसेजमध्ये फक्त बाग आणि गाणं राहिलं, कर्ज गळून गेलं.

गोळ्यांचं इथेच बोलून घेते कारण सगळ्यात जास्त नुकसान त्या एका वाक्याने होऊन राहिलं आहे. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. पण त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, बेचैनी, अंगात करंट गेल्यासारखं वाटणं असं होऊ शकतं, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू कमी करत नेतात. लोकांना वाटतं बघा, सोडली तर त्रास झाला म्हणजे सवयच लागली होती. आणि ज्याला बायपोलर आहे किंवा स्किझोफ्रेनिया आहे त्याने भजनाच्या भरवशावर औषध सोडलं तर आजार उलटायचा धोका फार मोठा आहे, घरच्यांना तो आवरत नाही, मग रात्री दोन वाजता मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात धावपळ. गोळी नको वाटत असेल, वजन वाढलं असेल, सुस्ती येत असेल तर डॉक्टरला तसं स्पष्ट सांगा, औषध बदलता येतं. ओपीडीत गर्दी असते, बोलायला मिनिटं मिळतात, हे मला रोज दिसतं, म्हणून कागदावर लिहून न्या. रात्री-बेरात्री कोणाशी बोलायचं असेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ऑक्टोबर २०२२ पासून आहे तरी आपल्याकडे अर्ध्या लोकांना माहीत नाही.

आता "आपल्याकडे हे आधीपासूनच आहे". हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा वाटतो कारण तो अर्धा खरा आहे. नागपूर या बाबतीत खरंच श्रीमंत शहर आहे. वस्ती-वस्तीत बुद्धविहार आहे, त्यात बऱ्याच ठिकाणी अभ्यासिका आहे, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि बायका कामं आवरून येऊन बसतात. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आहे, ज्येष्ठ नागरिक मंडळं आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत, अंबाझरीला सकाळी सहाला गेलं तर चालणारे, हसणारे, योगा करणारे घोळकेच्या घोळके दिसतात. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण मग एवढं सगळं असून लोक आजारी का पडतात? निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी साधारण १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि नैराश्यासारख्या नेहमीच्या आजारांत ८५ टक्क्यांच्या आसपास लोक उपचाराबाहेर होते. पार आणि भजनी मंडळं तेव्हाही होतीच की. आणि एकत्र कुटुंबाचं म्हणाल तर एनसीआरबीच्या म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्यांच्या नोंदवलेल्या कारणांत कौटुंबिक समस्या पहिल्या नंबरवर आहेत, ३१.७ टक्के. (नोंद पोलिसांची असते, माणसाच्या मनात एकाच वेळी किती गोष्टी चालू असतात ते त्या एका रकान्यात मावत नाही, हे धरूनच तो आकडा वाचायचा.) कुटुंब आधार असतं तसं दुखणंही तिथलंच असू शकतं. सासूच्या तोंडाने घाबरलेल्या सुनेला "घरच्यांशी मन मोकळं कर" हा सल्ला काय कामाचा?

आणि त्या पारावर बसतं कोण ते पण बघा. चौकातल्या टपरीवर तर्री पोहा खात तास-तासभर गप्पा हाणणारे बहुतेक पुरुष असतात. नवऱ्याला जाऊन सहा महिने झालेली बाई तिथे बसू शकते का? दारू सुटावी म्हणून धडपडणारा पोरगा त्याच कंपनीत बसला तर काय होईल? तृतीयपंथी व्यक्तीला भजनी मंडळात जागा मिळते का, दुसऱ्या जातीच्या माणसाला सगळ्या ठिकाणी सारखीच मिळते का? एकट्या शिकायला आलेल्या, होस्टेलवर राहणाऱ्या पोरीला तर आपल्या वस्तीत काय काय आहे हेच माहीत नसतं. म्हणजे जागा आहेत पण सगळ्यांसाठी दार उघडं नाही, आणि जिथे उघडं आहे तिथपर्यंत माणूस आपणहून पोचत नाही.

यावरूनच पुढचा मुद्दा, की लोकांत मिसळ हे तर घरचेच सांगू शकतात, त्यासाठी वेगळा पगारी माणूस कशाला. हे ऐकलं की मला एक काका आठवतात. कोळसा खाणीतून रिटायर झालेले, दिवाळीत बायको गेली, मुलगा पुण्याला. मुलगा रोज फोनवर सांगायचा बाबा बागेत जात जा. आणि काका जायचे हो! सकाळी उठून बूट घालून गेटपर्यंत जायचे, आतला हास्य क्लबचा घोळका बघायचे आणि परत फिरायचे. मुलाला सांगायचे जाऊन आलो. मला म्हणाले, "ताई, तिथे जाऊन उभं कुठे राहायचं तेच कळत नाही." नैराश्याचा आजारच असा आहे की ज्या गोष्टीने बरं वाटेल तीच करायची ताकद तो काढून घेतो, मग मुलाने शंभरदा सांगून काय होणार. आम्ही त्या हास्य क्लबातल्या एका रिटायर मास्तरांशी बोललो, काकांची परवानगी घेऊन. मास्तर घरी गेले, पहिल्या दिवशी नुसता चहा घेऊन आले, बागेचं नावच काढलं नाही. नंतर एक दिवस स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले आणि तिथे गेल्यावर वर्गणीची वही काकांच्या हातात दिली, म्हणाले माझा चष्मा राहिला, तुम्ही लिहा. आता वही काकांकडेच असते. गोळी चालू आहे, डॉक्टरने ठरवली तशी.

दुसरी एक ताई मानेवाड्याकडची. तिला दर मंगळवारी छातीत धडधड, घाम, हातपाय गार. ईसीजी नॉर्मल, दोनदा काढला. मंगळवार काऊन, म्हणून विचारलं तर मंगळवारी मायक्रोफायनान्सवाल्यांची वसुली, सगळ्या बायका एकीच्या घरी जमणार आणि हिचा हप्ता नसला की बाकीच्यांसमोर बोलणी. नवरा वारलेला. तिला कोणी बागकाम सांगितलं असतं तर काय उपयोग होता? तिला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायचा होता, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत जायचं होतं, आणि दोनदा कागद अपुरे म्हणून परत आल्यावर ती तिसऱ्यांदा जायला घाबरत होती. तिच्यासोबत एक आशाताई गेली, लाइनीत उभी राहिली. धडधडीचा उपचार डॉक्टर करत होते तो सुरूच होता, पण मंगळवार सोपा झाला तो त्या लाइनीमुळे असं मी मानते. असं सोबत जाणारं माणूस हा या पद्धतीचा गाभा आहे आणि मेसेजमध्ये नेमका त्याचाच पत्ता नाही.

"शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय" याबद्दल. मी या पद्धतीच्या बाजूची आहे, तरी सांगते की एवढं छातीठोक कोणी म्हणू नये. २०१७ मध्ये बीएमजे ओपन या जर्नलमध्ये १५ प्रकल्पांच्या मूल्यमापनांचा आढावा आला होता, त्यात निष्कर्ष असा की बहुतेक अभ्यास छोटे, मांडणी कच्ची, त्यावरून ठाम काही सांगता येत नाही. पुरावा जास्त चांगला कुठे आहे, तर जिथे गावातल्या साध्या माणसाला नीट शिकवून, वर डॉक्टरची साथ ठेवून काम केलं तिथे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची डिग्री नसलेल्या पण ट्रेनिंग घेतलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठका घेतल्या, रोजच्या जगण्यात छोट्या छोट्या गोष्टी परत सुरू करायच्या अशा धर्तीवर, नेहमीच्या उपचाराला जोडून. तीन महिन्यांनी त्यातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर होते, नुसता नेहमीचा उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. हे २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं.

आणि आपल्या विदर्भातलंच सांगायचं तर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला. शेतकरी आत्महत्यांचा पट्टा. तिथे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षानंतर २७.२ टक्के झाले. गावातल्या माणसांनी लोकांना उपचारापासून तोडलं नाही, उपचारापर्यंत आणलं. नाशिक जिल्ह्यात २०१३ पासून सुरू झालेला आत्मीयता नावाचा कार्यक्रम असाच, गावातलेच स्वयंसेवक ऐकून घेतात, सरकारी योजनांशी जोडून देतात, आजार मोठा वाटला तर पुढे पाठवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक अहवालात त्याचा समावेश केला. पूर्वजांचा अभिमान वाटतो तसा याचा पण वाटू द्या न बाप्पा.

फुकट होतं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारते की मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत एकटी म्हातारी बाई कुठे जाऊन बसेल? त्या हॉलला पंखा लागतो, पाणी लागतं, बाईमाणसाला जाता येईल असं संडास लागतं, येण्याजाण्याला ऑटोचे पैसे लागतात, आणि वही सांभाळणाऱ्या, घरी जाऊन चहा पिणाऱ्या माणसाचा वेळ लागतो. आशाताईंवर आधीच कामाचा ढीग आहे, त्यात हे पण फुकट टाकून चालणार नाही.

तर ज्यांनी हा मेसेज मला पाठवला त्या ताई, काका, भाऊ, सगळ्यांना माझी विनंती आहे. गोळ्या सोडा हे वाक्य असलेला मेसेज डिलीट करा, ज्या ग्रुपवर टाकला तिथे तसं लिहा. तुम्ही कुठल्या विहाराच्या, मंडळाच्या, वाचनालयाच्या कमिटीत असाल तर जवळच्या दवाखान्यात, आशाताईकडे किंवा आमच्यासारख्या समाजसेवकाकडे एक चिठ्ठी देऊन ठेवा. त्यावर जागेचा पत्ता लिहा, वार आणि वेळ लिहा, बायकांना एकटीने येता येईल का, जिना आहे का ते लिहा, आणि पहिल्या दिवशी त्या नव्या माणसाला घरून घ्यायला कोण जाईल त्याचं नाव आणि फोन नंबर लिहा.